पहिली ते चौथीच्या लेकींचा रोजचा एक रुपया : शिक्षणमंत्री आणि अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री आणि मा. अर्थमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

साहेब, नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका लहान गावात राहते, माझी दोन्ही लेकरं झेडपीच्या शाळेत आहेत आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. पत्र तुम्हा दोघांना मिळून लिहितेय, कारण शिक्षण खात्याकडं काही मागितलं की वित्त विभागाची मंजुरी नाही असं ऐकायला मिळतं, आणि पैशाचं विचारलं की प्रस्तावच आला नाही म्हणतात. म्हणून म्हटलं दोघांनाही एकाच वेळी सांगावं, दोघांनी एकाच टेबलावर बसून वाचावं.

सांगायचंय ते एवढंच की गरीब घरातल्या प्राथमिकच्या मुलांसाठी सरकार जे जादाचे पैसे देतं ते फार कमी आहेत, फार उशिरा येतात, आणि इतक्या वेगवेगळ्या योजनांत वाटलेत की शाळेला त्याचं काही धड करता येत नाही. हे पैसे मुलाच्या नावानं, जून महिन्यात, शाळेच्या खात्यावर आले पाहिजेत आणि महागाई वाढेल तसे दरवर्षी वाढले पाहिजेत. आता हे मी का म्हणते ते नीट सांगते, थोडं लांबेल, पण वाचा.

आधी त्या एक रुपयाचं बोलू. १९९२ साली महाराष्ट्र सरकारनं एक चांगला निर्णय घेतला होता, मी मनापासून चांगला म्हणतेय. अनुसूचित जाती, जमाती, भटक्या विमुक्त समाजातल्या दारिद्र्यरेषेखालच्या मुली शाळेत टिकाव्यात म्हणून पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता. ७५ टक्के हजेरी पाहिजे, आणि वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. ज्यांनी हे आणलं त्यांना माहीत होतं की मुलगी घरी राहिली तर लहान भावाला सांभाळते, शेळ्या वळते, पाणी भरते, म्हणजे तिच्या घरी असण्याला किंमत आहे, आणि ती शाळेत यावी असं वाटत असेल तर त्या किमतीतलं थोडं तरी सरकारनं भरून द्यायला पाहिजे. विचार अगदी बरोबर होता.

पण तीस वर्षं उलटून गेली तरी तो एक रुपया एकच राहिला. त्या वेळी पहिलीत असलेल्या मुलींची लेकरं आता शाळेत आहेत साहेब. एसटीचं तिकीट कितीदा वाढलं, गॅस वाढला, वहीची किंमत वाढली, सरकारी नोकरांना महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढवून मिळतो आणि मिळायलाच पाहिजे, त्यांच्या पोटाला पण महागाई लागते. मग सात वर्षांच्या मुलीच्या भत्त्याला महागाई लागत नाही असं कुणी ठरवलं? बहुतेक कुणीच ठरवलं नाही, कुणी त्या फाईलकडं बघितलंच नाही आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

लाडकी बहीण योजनेत जुलै २०२४ पासून महिन्याला १५०० रुपये मिळतात, आमच्या गावातल्या बऱ्याच बायकांना मिळतात आणि त्याचा उपयोग होतो, औषधाला होतो, किराण्याला होतो, कुणाच्या दारात हात पसरावा लागत नाही. ती योजना बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, कुणी तसा अर्थ काढू नये. पण हिशोब तर बघा, आईला दिवसाला पन्नास रुपये आणि त्याच घरातल्या तिसरीतल्या लेकीला शाळेत गेल्याचा दिवसाला एक. दोन्ही पैसे एकाच तिजोरीतून जातात. २०२५-२६ च्या बजेटमध्ये लाडक्या बहिणीसाठी ३६ हजार कोटींची तरतूद होती आणि राज्याचं सगळं बजेट ७ लाख कोटींच्या घरात. आता समजा हा भत्ता एक रुपयावरून दहा रुपये केला, तर एका मुलीला वर्षाला २२०० रुपये होतात, आणि अशा दहा लाख मुली धरल्या तरी २२० कोटी होतात. सात लाख कोटीत २२० कोटी म्हणजे शंभर रुपयांमागं जेमतेम तीन पैसे. मी बारावीपर्यंत शिकलेय, हा हिशोब मी मोबाईलवर केलाय, तुमच्याकडं तर मोठमोठे अधिकारी आहेत, त्यांच्याकडून परत तपासून घ्या.

आणि ते २२० रुपये तरी सहज मिळतात का, तर नाही. दाखला लागतो, आधार लागतं, बँकेत खातं लागतं, खात्याला आधार जोडलेलं लागतं, केवायसी लागते, नावात एक वेलांटी इकडची तिकडं असली की परत फेरी. आमच्याकडून तालुक्याला जायचं म्हणजे जाण्यायेण्याचं भाडं आणि त्या दिवसाची मजुरी बुडणार, म्हणजे २२० रुपयांसाठी त्याच्यापेक्षा जास्त पैसे घालवायचे. म्हणून पालक सोडून देतात. मग वरती रिपोर्टमध्ये जात असेल की लाभार्थी कमी झाले, मागणी नाही. मागणी आहे हो, पण आईनं रोजगार बुडवून किती हेलपाटे घालायचे? २०१७ च्या सुमाराला गणवेशाचे चारशे रुपये पण असेच मुलांच्या खात्यावर टाकायचं काढलं होतं, तेव्हा आईसोबत जॉइंट खातं काढा म्हणून सांगितलं, आणि खातं काढायलाच कितीतरी ठिकाणी पाचशे रुपये मागत होते. पुढं तो निर्णय मागं घ्यावा लागला. एकदा हे बघून झालंय ना, मग बाकीच्या योजनांत तेच कशाला चालू ठेवायचं.

आता शाळेला काय मिळतं ते सांगते, कारण शहरातल्या बऱ्याच लोकांना वाटतं सरकारी शाळेला पोत्यानं पैसा येतो. समग्र शिक्षा या केंद्र आणि राज्याच्या मिळून चालणाऱ्या योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं, आमच्याकडं सगळे कंपोझिट ग्रँटच म्हणतात. तीस पटापर्यंतच्या शाळेला वर्षाला १० हजार, त्याच्या वर शंभर पटापर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार, असं ते वाढत जातं. त्यातले कमीत कमी दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचेत. राहिलेल्या पैशात लाईट बिल, खडू, स्टेशनरी, फळ्याचा रंग, नळाची तोटी, पावसात उडालेला पत्रा, रेकॉर्डच्या झेरॉक्स, इंटरनेटचा रिचार्ज कारण सगळी माहिती ऑनलाईन भरायची असते. दहा हजारात. वर्षभर. आमचे सर कितीतरी वेळा स्वतःच्या पगारातून रिचार्ज मारतात, लाईट बिल थकलं की गावात वर्गणी होते, आणि लाईट कापली की तो स्मार्ट टीव्ही, जो कुणीतरी देणगीत दिलेला असतो, तो नुसता भिंतीवर टांगलेला राहतो.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई अर्धवट बोलते. शिक्षकांचा पगार सरकार देतं, पुस्तकं फुकट येतात, पोषण आहाराचा तांदूळ येतो, तो सगळा खर्च धरला तर झेडपीच्या एका मुलामागं सरकारचा खर्च कमी नाही, हे मला माहीत आहे. पण तो खर्च सगळ्याच मुलांसाठीचा आहे. मी बोलतेय ते त्याच्या वरच्या पैशाबद्दल, जे लेकरू मागं पडलंय त्याच्यासाठी जास्तीचं जे करावं लागतं त्याबद्दल. पहिली ते चौथी दोन शिक्षक, आणि त्यातले एक सर महिन्यातले कितीतरी दिवस मीटिंग, ट्रेनिंग, ऑनलाईन, सर्व्हे यातच. मग चौथीत गेलेल्या ज्या पोराला अजून जोडाक्षर वाचता येत नाही त्याच्यापाशी बसायचं कुणी? त्याच्या घरी आई ऊसतोडीला, बाप ऊसतोडीला, आजीला अक्षरओळख नाही. सधन घरातलं पोरगं मागं पडलं की ट्यूशन लावतात. याच्यासाठी शाळेकडं एक रुपयाही नसतो जो त्याच्या नावानं खर्च करता येईल.

आणि ते दहा हजार तरी जूनमध्ये येतात का? आमचा अनुभव असा आहे की दिवाळी होते, संक्रांत होते, आणि मग वर्ष संपता संपता कधीतरी खात्यावर लिमिट पडतं, कधी अर्धंच पडतं. आता ते पीएफएमएसचं, म्हणजे सरकारी पैसे पाठवायच्या ऑनलाईन पद्धतीचं, असं आहे की शाळेच्या खात्यावर पैसे नसतात, नुसती खर्चाची मर्यादा असते आणि ३१ मार्चला ती शून्य होते. मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या तालुक्यातले मुख्याध्यापक एकाच दुकानात, जे मिळेल ते बिल घ्यायचं आणि खर्च दाखवायचा. ज्या वर्गाला जूनमध्ये फळा पाहिजे होता त्याला एप्रिलमध्ये फळा मिळतो. यात मुख्याध्यापकांची चूक नाही, मी स्वतः समितीच्या ठरावावर सही करते, मला माहीत आहे त्यांची किती ओढाताण होते.

गणवेशाचं पण तसंच. दोन गणवेशांना ६०० रुपये, म्हणजे एकाला तीनशे, आणि हा दर २०१८ पासूनचा. त्याच्या आधी चारशे होते. २०२३ ला बूट आणि दोन जोड मोज्यांसाठी १७० रुपये ठरले. १७० रुपयात बूट आणि दोन जोड मोजे कुठं मिळतात मला खरंच सांगा, मी आमच्या पूर्ण शाळेची ऑर्डर तिथं देते. मग २०२४-२५ ला एक राज्य एक गणवेश म्हणून कापड वरून आलं, कटिंग करून आलं, कुणाला बाही आखूड कुणाला कंबर सैल, बऱ्याच लेकरांनी पंधरा ऑगस्ट जुन्याच कपड्यात साजरा केला. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय बदलून गणवेशाचं काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडं दिलं, त्यासाठी तुमचे आभार मानते, आभार मानायची गोष्ट आहे ती. कारण त्यातून एक कळलं की गावातल्या टेलरला गावातली लेकरं माहीत असतात, माप माहीत असतं, आणि पैसे वेळेवर दिले तर काम जूनमध्ये होतं. गणवेशाचं जे खरं आहे तेच बाकीच्या पैशाचंही खरं आहे.

आता अंड्याचं. हे लिहिताना मला राग येतो, पण सांगते. नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एकदा अंडं किंवा ज्यांना अंडं चालत नाही त्यांना केळं सुरू झालं. त्या दिवशी शाळेची हजेरी बघायला पाहिजे होती तुम्ही. ज्या घरात महिना महिना अंडं येत नाही त्या घरातलं लेकरू त्या दिवशी कसंही करून शाळेत. खिचडी शिजवणाऱ्या मावशी सांगायच्या की काही लेकरं अर्धं अंडं खिशात घालून धाकट्या भावाला घेऊन जातात. आणि जानेवारी २०२५ मध्ये शासन निर्णय आला की अंड्यासाठी सरकार वेगळा निधी देणार नाही, अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक, द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या.

लोकसहभाग म्हणजे कोण साहेब? आमच्या शाळेचा लोक म्हणजे आम्हीच. ज्याच्या लेकराला अंड्याची गरज आहे त्याच्याकडंच अंड्याची वर्गणी मागायची का? मोठ्या गावात एखादा व्यापारी, एखादा पुण्याला नोकरीला असलेला माजी विद्यार्थी मिळतो, तिथं अंडं चालू राहतं. तांड्यावर, वस्तीवर कुणी मिळत नाही, तिथं बंद होतं. म्हणजे जिथं गरज जास्त तिथंच बंद. पोषण आहाराला प्राथमिकच्या मुलामागं दिवसाला ६ रुपये ७८ पैसे हा दर मे २०२५ पासून आहे, तांदूळ वेगळा येतो पण डाळ, तेल, मसाला, भाजी, इंधन सगळं या पैशात. त्यात अंडं कुठून बसणार, एक अंडंच साधारण तेवढ्याला मिळतं. तरी एक गोष्ट मान्य करते, हा आहाराचा दर मधून मधून वाढतो तरी, २०२२ ला ५ रुपये ४५ पैसे होता, डिसेंबर २०२४ ला ६ रुपये १९ पैसे झाला. म्हणजे दर वाढवता येतो. एका योजनेत येतो तर उपस्थिती भत्त्यात का येत नाही?

ऊसतोडीच्या लेकरांबद्दल वेगळं लिहिल्याशिवाय माझ्यानं राहवत नाही. दसरा दिवाळी झाली की टोळ्या निघतात. नवरा बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात ते फेडायचे असतात, आणि घरी कुणी ठेवायला नसलं की लेकरं पण सोबत कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर जातात, सांगली, कोल्हापूर, पुण्याकडं नाहीतर पार कर्नाटकात. परत येतात ते मार्च एप्रिलमध्ये, परीक्षेच्या तोंडावर. हंगामी वसतिगृहं त्यासाठीच आहेत, गाव सोडून गेलेल्या लेकराला दुसरीकडच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं शिक्षण हमी कार्ड त्यासाठीच आहे, कागदावर दोन्ही फार चांगलं आहे. पण वसतिगृहाची मंजुरी टोळ्या निघायच्या आधी यायला पाहिजे ना. टोळी निघून गेल्यावर मंजुरी आली तर लेकरू तर गेलेलं असतं. आणि गावात लेकरू ठेवून जाणाऱ्या आईला पहिलं विचारायचं असतं की माझी पोरगी रात्री कुणापाशी झोपेल, तिला काही झालं तर दवाखान्यात कोण नेईल. त्याचं उत्तर मंजुरीच्या पत्रात नसतं, ते त्या वसतिगृहात राहणाऱ्या बाईला वेळेवर आणि पुरेसं मानधन मिळतं का यात असतं. आमच्या शाळेतली एक हुशार पोरगी, पाढे तर तोंडपाठ, चौथीत असताना आईबापासोबत गेली कारण धाकट्या बहिणीला फडावर कोण सांभाळणार. परत आली तेव्हा वर्गातल्या पोरी पुढं गेलेल्या, ती मागच्या रांगेत बसायला लागली, आता शाळेत यायचंच टाळते. तिच्या नावानं शाळेकडं काही पैसे असते तर सुट्टीत दोन महिने कुणी तिला शिकवलं असतं. गावात डीएड झालेल्या पोरी घरी बसून आहेत, त्यांना महिन्याला थोडे पैसे दिले तर त्या आनंदानं शिकवतील.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. माझा चुलतभाऊ इंग्लंडमध्ये नोकरीला आहे, त्याच्या पोरीच्या शाळेबद्दल बोलता बोलता त्यानं सांगितलं, मग मी वाचून काढलं. तिथं २०११ पासून एक पद्धत आहे, ज्या मुलाला मागच्या सहा वर्षांत कधीही गरिबीमुळं शाळेचं जेवण मोफत मिळालं असेल त्याच्या नावानं शाळेला दरवर्षी जादा पैसे मिळतात, प्राथमिकच्या मुलामागं २०२५-२६ ला १५१५ पौंड. सरकारच्या देखभालीत असलेल्या किंवा तिथून दत्तक गेलेल्या मुलांना त्याहून जास्त. मुलाच्या आईनं वेगळं खातं काढायचं नाही, बँकेत खेटे घालायचे नाहीत. पैसे शाळेला, आणि कशावर खर्च करायचे ते शाळा ठरवते, पण काय ठरवलं आणि मागच्या वर्षी काय झालं हे शाळेला दरवर्षी सगळ्यांना दिसेल असं वेबसाईटवर टाकावं लागतं. तिथंही दर महागाईच्या मागं पडलाय अशी ओरड आहेच. मला त्यांची रक्कम नकोय, तेवढी आपल्याला जमणार नाही हे मला कळतं. पण पद्धत घ्यायला काय हरकत आहे? मुलाच्या नावानं पैसे, शाळेच्या हातात पैसे, आणि हिशोब उघडा.

आणि परदेशाचं तरी कशाला. खासगी इंग्रजी शाळेत आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, गरीब मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांतून एक मूल गेलं की सरकार त्या शाळेला वर्षाला १७,६७० रुपयांपर्यंत प्रतिपूर्ती देतं, म्हणजे गरीब मुलाच्या नावानं शाळेला पैसे द्यायची पद्धत आपल्याकडं कायद्यातच आहे. ती वेळेवर मिळत नाही म्हणून त्या शाळा पण ओरडतात तो भाग वेगळा. पण मूल खासगी शाळेत गेलं तर त्याच्या नावावर आकडा लागतो, आणि तेच मूल गावच्या झेडपीच्या शाळेत बसलं तर लागत नाही, हे मला पटत नाही.

महाराष्ट्रात तर हा विचार फार जुना आहे. जोतिबा फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणाची पाहणी करायला नेमलेल्या हंटर आयोगापुढं हेच मांडलं होतं ना, की सरकारचा महसूल राबणाऱ्या शेतकऱ्याकडून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, आधी प्राथमिक शिक्षणाकडं बघा, बारा वर्षांपर्यंत ते सक्तीचं करा. शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. शंभर वर्षांपूर्वीचा एक रुपया, तो गरिबाला झोंबणारा होता म्हणून तर दंड म्हणून ठेवला. आज आपण तेवढाच रुपया दिवसाला प्रोत्साहन म्हणून देतो. भाषणात तर सगळे या दोघांची आणि सावित्रीबाईंची नावं घेतात, बजेटच्या भाषणात पण घेतात.

मला माहीत आहे, याच्यावर पहिली शंका येईल की पैसे शाळेच्या हातात दिले तर खातील. खाणारे कुठं नाहीत? पण गावात शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा की या वर्षी या शाळेला गरीब मुलांसाठी एवढे रुपये आले आणि ते या या गोष्टीवर खर्च झाले, मग बघा कोण खातं. आमच्या गावात तर पाराच्या कट्ट्यावर बसलेले म्हातारे पण हिशोब विचारतील. कायद्यानंच समितीत चारातले तीन सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका. आम्हाला नुसतं सह्यांसाठी बोलवू नका, पैसे वेळेवर द्या आणि ठरवायला द्या. कुठल्या लेकराला चष्मा पाहिजे, कुणाला वह्या नाहीत, कुणाच्या वस्तीवरून ओढा ओलांडून यावं लागतं म्हणून पावसाळ्यात रिक्षा लावायला पाहिजे, कुणाला वाचायला शिकवायला माणूस पाहिजे, हे मुंबईत बसून कळणार नाही, जिल्ह्यालाही कळणार नाही. आम्हाला नावानिशी माहीत आहे.

दुसरी शंका, जातीचा प्रश्न. ज्या समाजांना भत्ता आहे त्यांचा काढून दुसऱ्याला द्या असं माझं म्हणणं नाही, त्यांचा हक्क तसाच राहिला पाहिजे आणि रक्कम वाढली पाहिजे. त्याच्यात भर घाला. ऊसतोड, वीटभट्टी, दगडखाणीवर जाणाऱ्यांची लेकरं, आई एकटी असलेली, आईबाप गेलेली, अपंग, कर्जापायी शेतकऱ्यानं आत्महत्या केलेल्या घरातली. आणि मुलगे पण घ्या, कारण आता मुलगेही शाळा सोडून कामाला लागायला लागलेत, हे आमच्याकडं दिसतंय.

मग माझं मागणं असं आहे. उपस्थिती भत्ता पुढच्याच बजेटमध्ये निदान दहा रुपये करा आणि कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्यासारखा तो आपोआप वाढेल अशी सोय करा म्हणजे परत तीस वर्षं कुणाला फाईल शोधावी लागणार नाही. दाखल्यांची कटकट कमी करा, शाळेच्या हजेरीपटावर आणि सरलमध्ये, म्हणजे मुलांच्या नोंदीच्या सरकारी ऑनलाईन यादीत, मुलीची सगळी माहिती आहे, तीच पुरावा धरा. प्रत्येक गरजू मुलामागं शाळेला वेगळी रक्कम द्या, संयुक्त अनुदानाच्या वर, आणि ती जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, ३१ मार्चला शून्य न होणारी. अंडं परत सुरू करा, सरकारी पैशातून. आणि हंगामी वसतिगृहांची मंजुरी ऑगस्टमध्ये द्या, टोळ्या निघायच्या आधी.

यातलं सगळं एका वर्षात होणार नाही म्हणाल तर ठीक आहे, भत्त्याच्या आणि अंड्याच्या निर्णयाला तर नवीन कायदा लागत नाही, नवीन पोर्टल लागत नाही, एक शासन निर्णय लागतो. मार्चच्या अधिवेशनात तो झाला तर जूनमध्ये शाळा सुरू होताना आम्ही पालकांना घरोघर जाऊन सांगू. आमच्या समितीनं याचा ठराव घेतलाय, आजूबाजूच्या गावांतल्या समित्यांनाही पाठवलाय, आणि ज्यांच्या समितीला हे पटेल त्यांनी आपापल्या मासिक सभेत असाच ठराव घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत तुमच्याकडं पाठवावा असं मी सगळ्यांना सांगतेय. उत्तराची वाट बघतो.

आपली,
एक पालक,
शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा